आयर्न मेडनचे जुने अल्बम, नव्या आवृत्त्या: नेमकी कोणती प्रत घ्यायची?

माझ्या कपाटात ‘द नंबर ऑफ द बीस्ट’च्या चार प्रती आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईला घरातून एकच प्रश्न येतो, “गाणी तीच ना सगळ्यांत?” मी “हो, तीच” म्हणून सुटका करून घेतो. पण ते खरं नाही. दोन प्रतींत मूळची आठ गाणी आहेत, तिसरीत नऊ, आणि चौथीत आठच असली तरी त्यातलं एक बदललेलं. दोन मुखपृष्ठांवरचं आकाश निळं आहे, एकावर काळं. आवाज तर चौघींचा चार तऱ्हांचा.

‘कुठून सुरुवात करू आणि कुठली प्रत घेऊ?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, त्याचं हे सविस्तर उत्तर. बासवादक स्टीव्ह हॅरिसने १९७५च्या नाताळात पूर्व लंडनच्या लेटन भागात आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड उभा केला. १९८० ते २०२१ या काळात त्यांचे १७ स्टुडिओ अल्बम आले आणि त्यातले जुने अल्बम पुन्हा पुन्हा निघत राहिले. १ फेब्रुवारी २००८ला त्यांच्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन फिरत होता, तोच हा दौरा. त्यानंतरच्या आठवड्यात आपल्याकडच्या अनेकांनी उत्साहाने सीडी घेतल्या. मीही घेतली. कोणती घेतोय ते न बघता.

आधी शब्द नीट समजून घ्या

वेष्टनावर ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं दिसलं की आपण ‘सुधारलेलं’ असा अर्थ लावतो. तिथेच फसगत होते.

स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतात. ते ट्रॅक जुळवून जो दोन चॅनेलचा आवाज तयार होतो, ते मिक्स. गिटार किती पुढे, ड्रम किती मागे, हे तिथे ठरतं. त्या तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवून, पातळी आणि पट्ट्या सारख्या करून ते छपाईला देणं म्हणजे मास्टरिंग. रीमास्टर करणारा फक्त या शेवटच्या टप्प्यात हात घालतो. मेडनच्या ज्या आवृत्त्यांबद्दल इथे बोलतोय त्या रीमास्टर आहेत. ‘किलर्स’पासून ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंत निर्माता मार्टिन बर्चने जे मिक्स बसवलं, ते तसंच आहे. पहिल्या अल्बमवर निर्माता म्हणून विल मलोनचं नाव आहे आणि त्याच्या आवाजावर बँड कधीच खूश नव्हता. त्यातल्या गिटार बारीक वाटतात, त्या कुठल्याही रीमास्टरने जाडजूड होणार नाहीत. डाळ शिजताना कच्ची राहिली असेल तर वरून कितीही चुरचुरीत फोडणी दिली तरी ती कच्चीच.

दुसरी गोष्ट मोठेपणाची. नव्वदच्या दशकात सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात मास्टर करायची चढाओढ लागली. त्यासाठी हळू भाग उचलायचे आणि उंच भाग दाबायचे. पहिल्या दहा सेकंदांत असा आवाज जोरकस वाटतो, चाळीस मिनिटांनी कान शिणतात. ‘हॅलोड बी दाय नेम’च्या सुरुवातीला घंटा वाजते आणि मग बँड अंगावर येतो. त्या दोहोंतलं अंतर हाच त्या गाण्याचा जीव आहे. अंतर कमी केलं की आवाज मोठा होतो आणि धक्का लहान.

आता वंशावळ

थोडं सावकाश वाचा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

ऐंशीच्या दशकातल्या एलपी ईएमआय या कंपनीने काढल्या. ब्रिटिश प्रती वेष्टनाच्या कण्यावरच्या क्रमांकावरून ओळखता येतात. पहिला अल्बम ईएमसी ३३३०, ‘किलर्स’ ईएमसी ३३५७, ‘बीस्ट’ ईएमसी ३४००, ‘पीस ऑफ माइंड’ ईएमए ८००, ‘समव्हेअर इन टाइम’ ईएमसी ३५१२, ‘सेव्हन्थ सन’ ईएमडी १००६. ‘पॉवरस्लेव्ह’चा क्रमांक चक्क ‘पॉवर १’ आहे. त्याच दशकात यांच्या पहिल्या सीडीही आल्या. आवाज हलका, पुस्तिका कंजूष, पण दाबादाबी नाही.

१९९० साली ‘द फर्स्ट टेन इयर्स’ नावाने जुने एकेरी रेकॉर्ड दोन-दोन जोडून दहा आठवडे, आठवड्याला एक, असे काढले. संग्राहकांसाठी ती मेजवानी होती. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे बी-साइडची, म्हणजे एकेरी रेकॉर्डच्या मागच्या बाजूची, गाणी त्यात आहेत.

१९९५ला जुन्या अल्बमांच्या दोन सीडींच्या आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या सीडीवर बी-साइड. ‘पीस ऑफ माइंड’च्या दुसऱ्या सीडीवर फक्त दोन गाणी आहेत, दोन्ही दुसऱ्या बँडची. एवढ्यासाठी अख्खी तबकडी खर्ची घालणं आज विचित्र वाटतं. पण ‘पॉवरस्लेव्ह’च्या जोड-सीडीवर ‘मिशन फ्रॉम ’आरी’ आहे. हे गाणं नाहीच. कार्यक्रमानंतर हॅरिस आणि ड्रमर निको मॅकब्रेन यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं, ते डिकिन्सनने गुपचूप टेप केलं आणि बँडने ते बी-साइड म्हणून छापलं! अशा गोष्टींसाठी ही आवृत्ती जुन्या बाजारात शोधण्यासारखी आहे.

१९९८ची रीमास्टर मालिका आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते. २००८ला मी नकळत घेतली तीच. हिची तीन लक्षणं आहेत. एक, संगणकावर चालणारा चित्रफितींचा भाग, जो आजच्या संगणकावर बहुधा उघडतच नाही. दोन, गाण्यांत भर. पहिल्या अल्बममध्ये ‘सँक्चुअरी’ दुसऱ्या क्रमांकावर घुसवलं, ‘किलर्स’मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ आणि ‘बीस्ट’मध्ये ‘हॅलोड’च्या बरोबर आधी ‘टोटल इक्लिप्स’. पहिली दोन अमेरिकेतल्या मूळ प्रतींत आधीपासून होती. तीन, चित्रांत बदल. ‘बीस्ट’चं आकाश मूळ एलपीवर निळं छापलं गेलं ती छपाईतली चूक होती, बँडचा व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड आणि मंडळींना ते काळं हवं होतं. १९९८ला ते काळं झालं. ‘नो प्रेयर फॉर द डाइंग’च्या मुखपृष्ठावर एडी, म्हणजे मेडनच्या मुखपृष्ठांवरचा तो ठरलेला राक्षसी चेहरा, थडगं फोडून बाहेर येताना स्मशानाच्या रखवालदाराची मानगूट धरतो. नव्या चित्रातून तो बिचारा माणूसच गायब झाला आणि थडग्यावरची कोरी पाटी भरली गेली. चित्रकार तोच, डेरेक रिग्ज.

‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या अल्बमबाबत मात्र १९९८ला दुवा द्यायला हवा. मूळ दुहेरी एलपीची चौथी बाजू, म्हणजे लंडनच्या हॅमरस्मिथमधलं ध्वनिमुद्रण, पहिल्या सीडीतून जागेअभावी वगळली होती. १९९८ला दोन सीडी करून ती परत आणली. जुन्या बाजारात हा अल्बम एका सीडीत मिळत असेल तर घेऊ नका, त्यात ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ मुळीच नाही.

पुढे २०१२ साली ईएमआयचं ध्वनिमुद्रण खातं युनिव्हर्सलकडे आणि त्यातला पार्लोफोनचा हिस्सा २०१३ला वॉर्नरकडे गेला. मेडन त्या हिश्शात होते. मागच्या बाजूला ईएमआयचं चिन्ह असेल तर प्रत या घडामोडीच्या आधीची, पार्लोफोनचं असेल तर नंतरची. दुकानात उभ्या-उभ्या करायची ही सर्वांत सोपी परीक्षा. अमेरिकेतल्या प्रतींना ती लागू नाही, तिथले हक्क वेगळे आहेत.

२०१४ला ऐंशीच्या दशकातले अल्बम काळ्या व्हिनाइलवर पुन्हा आले. २०१५ला हॅरिसने ध्वनितंत्रज्ञ टोनी न्यूटनबरोबर बसून सगळा संग्रह नव्याने रीमास्टर केला. तो आधी फक्त डिजिटल होता. स्ट्रीमिंगवर ‘२०१५ रीमास्टर’ दिसतं ते हेच. १९९०पासूनच्या अल्बमांची व्हिनाइल २०१७ला आली. आणि नोव्हेंबर २०१८पासून चार हप्त्यांत हेच २०१५चं काम पुठ्ठ्याच्या घडीच्या पाकिटात सीडीवर निघालं. प्रत्येक हप्त्यातला एक अल्बम एडीची छोटी मूर्ती आणि कापडी बिल्ला घालून पेटीतही विकला. मूर्ती गोड आहे, आतली सीडी तीच.

शेवटचा टप्पा अल्बमांच्या चाळिशीचा. २०२२ला ‘बीस्ट’ची तीन एलपींची आवृत्ती आली, सोबत १९८२चा हॅमरस्मिथचा कार्यक्रम. तिच्यात ‘गँगलँड’ काढून त्या जागी ‘टोटल इक्लिप्स’ घातलं. १९८२ला निवड चुकली हे बँडने असं जाहीर मान्य केलं. २०२४ला ‘पॉवरस्लेव्ह’ची चित्रतबकडी आली, फिरताना कॅमेऱ्यातून बघितली की चित्रं हलताना दिसतात.

कान लावून बघा, एक पैसा खर्च न करता

वंशावळ कळली तरी निर्णय कानांचा. त्यासाठी ही चाचणी करा. एका गाण्याच्या दोन आवृत्त्या मिळवा, एक स्ट्रीमिंगवरची २०१५ची आणि दुसरी मित्राची किंवा जुन्या बाजारातली सीडी. दोन्ही एकाच हेडफोनवर ऐका. आता महत्त्वाचं, दोहोंचा आवाज सारखा करा. आपल्या कानाला जरा मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि मोठ्या आवाजात मास्टर केलेली प्रत तिथेच फुकट जिंकते. गाण्यातली एखादी ओळ निवडा, डोळे मिटा, आणि ती दोन्हीकडे सारखीच जवळ वाटेपर्यंत बटण फिरवा. स्ट्रीमिंगमध्ये आवाज समान राखण्याची सोय असते. एकाच ॲपमधल्या दोन आवृत्त्या ताडून बघताना ती चालू ठेवा.

मी तीन जागा तपासतो. ‘व्हेअर ईगल्स डेअर’च्या सुरुवातीचे ड्रम: निकोचं मेडनमधलं हे पहिलंच गाणं, त्याच्या पायाखालचा मोठा ढोल वेगळा ऐकू येतो की बासमध्ये विरघळतो? ‘स्ट्रेंज वर्ल्ड’: गाणं संथ आहे, स्वर विरून जाताना त्यांच्या शेपट्या स्वच्छ आहेत का? आणि अर्थातच ‘हॅलोड’ची घंटा. घरात संगणक असेल तर ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत गाणं उघडून बघा. डोंगर-दऱ्या दिसल्या तर ठीक, करवतीने सपाट कापलेली भिंत दिसली तर दाबादाबी झालीय.

माझ्या कानांचा निकाल असा. ऐंशीच्या दशकातल्या अल्बमांसाठी जुन्या ईएमआय सीडी सर्वांत मोकळ्या, १९९८च्या जरा चिरचिऱ्या आणि दमवणाऱ्या, २०१५च्या भरदार आणि बास नेटका. हॅरिस स्वतः २०१५च्या कामाला सर्वोत्तम म्हणतो, त्याचा बास आहे, म्हणणारच. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही २०१८-१९ची सीडीच सुचवतो. ती सहज मिळते, निवड करावी लागत नाही आणि आवाजात खोट नाही. तुम्हाला माझ्याहून वेगळं ऐकू आलं तर तुमचं खरं.

२००० नंतरच्या अल्बमांत फार खोलात शिरू नका, मिळेल ती स्वच्छ प्रत घ्या. एक अपवाद आहे. २००६चा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हॅरिसने मास्टरिंग न करताच प्रसिद्ध केला, स्टुडिओत ऐकलं तसंच लोकांच्या हातात. ती मूळ सीडी अजून जुन्या बाजारात स्वस्तात मिळते आणि ठेवण्याजोगी आहे.

सीडी की एलपी? आधी घड्याळ बघा

एलपीचं भौतिकशास्त्र निष्ठूर आहे. एका बाजूला साधारण २० मिनिटं बसवली तर खोबणी ऐसपैस राहते. मिनिटं वाढली की ती अरुंद करावी लागते, मग आवाजाची पातळी आणि बास दोन्ही उतरतात. शिवाय तबकडी एकाच गतीने फिरते, त्यामुळे मध्याजवळ आलं की सेकंदाला सुईखालून कमी लांबी सरकते आणि बारीक तपशील चुरगळतात.

आता ‘पॉवरस्लेव्ह’ घ्या. अल्बम ५१ मिनिटांचा, एकच एलपी. दुसऱ्या बाजूच्या शेवटी पावणेचौदा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’. म्हणजे त्यातला तो शांत, जहाज कुरकुरण्याचा भाग आणि त्यानंतरचा उद्रेक, दोन्ही तबकडीच्या सर्वांत वाईट जागेत. मुखपृष्ठासाठी एलपी जरूर घ्या, रिग्जचं ते इजिप्शियन चित्र मोठ्या आकारातच बघावं. ऐकायला सीडी. ‘समव्हेअर इन टाइम’चीही मिनिटं तेवढीच, तिथेही हाच सल्ला. उलट ‘बीस्ट’ ४० मिनिटांचा आणि ‘सेव्हन्थ सन’ ४४चा, हे एलपीवर उत्तम बसतात. ‘द बुक ऑफ सोल्स’ला ९२ मिनिटांमुळे तीन एलपी लागल्या, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून बाजू बदलायची हौस असेल तर ती घ्या.

१८० ग्रॅम या आकड्याला भुलू नका. जाड तबकडी हाताला छान लागते, कमी वाकते. खोबणीत काय कोरलंय ते वजनाने बदलत नाही. चित्रतबकडी मात्र भिंतीसाठी. चित्रावरच्या पारदर्शक थरात खोबणी असते आणि त्यात खरखर जास्त येते.

एलपीवाल्यांसाठी एक गंमत. ‘पीस ऑफ माइंड’च्या दुसऱ्या बाजूला ‘स्टिल लाइफ’च्या आधी उलटं बोलणं आहे. आपल्याला सैतानपूजक म्हणणाऱ्यांची टर उडवायला निकोने ईदी अमीनच्या नकलेच्या सुरात काहीतरी बरळून ते उलटं लावलं. तबकडी हाताने मागे फिरवून ते ऐकता येतं, पण त्याने सुईचं वाटोळं होतं. मी केलंय. संगणकावर गाणं उलटं करा.

विकत घेताना

नवी प्रत असेल तर मागची बाजू वाचा आणि गाणी मोजा. पहिल्या अल्बममध्ये आठ म्हणजे ब्रिटिश मूळ क्रम, नऊ म्हणजे ‘सँक्चुअरी’सह. ‘किलर्स’मध्ये दहा की अकरा, ‘बीस्ट’मध्ये आठ की नऊ. तळाच्या बारीक अक्षरांत वर्तुळातल्या पी या खुणेपुढे ध्वनिमुद्रणाचं वर्ष असतं. तिथे १९८२च्या जोडीला दुसरं वर्ष असेल तर ते रीमास्टरचं.

जुनी प्रत परदेशातून मागवत असाल तर दर्जाची भाषा समजून घ्या. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-खरेदीविक्रीच्या संकेतस्थळावर विक्रेते एक ठरावीक मोजपट्टी वापरतात, तिच्यात ‘व्हेरी गुड’ म्हणजे खूप चांगलं नव्हे. त्याचा अर्थ खरखर ऐकू येईल, ओरखडे दिसतील. ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली जाऊ नका आणि जमल्यास ‘निअर मिंट’च घ्या. माझी पहिली ‘सेव्हन्थ सन’ अशीच ‘व्हेरी गुड’ म्हणून आली, सुरुवातीच्या हळुवार गिटारवर पापड भाजल्यासारखा आवाज. विक्रेत्याने लिहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं, मलाच वाचता येत नव्हतं. पैसे देण्यापूर्वी खोबणी संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागा. आवृत्ती तिथून पक्की होते, वेष्टनावरून नाही. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, कधीकधी ते मिळून एलपीच्या वर जातात.

रंगीत एलपीवर कुठल्यातरी शहराचं नाव, ‘रेडिओ प्रक्षेपण’ असे शब्द आणि ओळखीच्या कंपनीचं नाव नाही, असं दिसलं तर तो बँडचा अधिकृत माल नव्हे. रेडिओवरून घेतलेल्या कार्यक्रमांच्या अशा प्रती ढिगाने फिरतात. अधिकृत हवं असेल तर ‘बीबीसी आर्काइव्ह्ज’ आणि बी-साइडचा संच असलेली २००२ची ‘एडीज आर्काइव्ह’ ही धातूची पेटी आहे. सुंदर आहे, दुर्मीळ आहे, किंमत विचारताना बसून घ्या.

आणि मग पावसाळा

युरोपात बसून लिहिलेल्या सल्ल्यांत ही गोष्ट सापडणार नाही. २०१८-१९ची पुठ्ठ्याची पाकिटं कोकणच्या आणि मुंबईच्या हवेला मानवत नाहीत. दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या ‘किलर्स’च्या कडा फुगल्या आणि एडीच्या कुऱ्हाडीवर पांढरी बुरशी आली. प्रत्येक पाकिटाला बाहेरून प्लास्टिकचं आवरण घाला, पण पीव्हीसीचं नको. पीव्हीसी काही वर्षांनी एलपीवर धुकट थर सोडतं, तो पुसून जात नाही. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर नकोच. खणात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा निळे होतात. कढई स्वयंपाकाची घेऊ नका. आमच्याकडे यासाठी एक जुनी, कान मोडलेली कढई वेगळी काढलीय, आणि तिला सगळे ‘एडी’च म्हणतात.